रात्री नागपूरला चार शहरांची टपाल विमानं यायची हे खरं आहे का? सोनेगाव विमानतळाबद्दल माहिती हवी

संत्रानगरी_८८

नमस्कार मंडळी, मी नागपूरचाच, सोमलवाड्यात लहानाचा मोठा झालो, म्हणजे विमानाचा आवाज रोजचाच. पण आपल्या विमानतळाचा इतिहास काय हे कधी कोणी नीट सांगितलंच नाही. माझे आजोबा म्हणायचे की आधी मध्यरात्री सोनेगावला दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चारही कडची विमानं यायची, टपालाची पोती एकमेकांत बदलायची अन् पहाटेच्या आत परत जायची. घरात सगळे ऐकून घ्यायचे पण कोणी फार मनावर घेतलं नाही. आता नवीन टर्मिनल होणार, दुसरी धावपट्टी होणार अशा बातम्या येऊन राहिल्या तर मला तेच आठवलं.

तर दोन प्रश्न. एक, हे खरंच होतं का, अन् होतं तर कधी सुरू झालं, कधी बंद पडलं? दुसरा, तेव्हा नागपूर एवढं महत्त्वाचं होतं तर मधल्या काळात आपला विमानतळ दिवसाला मोजक्या विमानांचा कसा काय होऊन बसला? मिहान मिहान (विमानतळाला लागून काढलेला मालवाहतुकीचा अन् उद्योगांचा प्रकल्प) म्हणून आपण वीस वर्षं ऐकतोय, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? कोणाला नीट माहीत असेल तर सविस्तर लिहा, घाई नाही.

धंतोलीकर

शंभर टक्के खरं आहे. नाइट एअरमेल म्हणायचे त्याला. १९४९ ते १९७३. आजोबांनी काही वाढवून सांगितलेलं नाही. बाकी टपालवाला भाऊ इथे आहेत, तेच बरोबर सांगतील.

टपालवाला

भाऊ, तुमच्या आजोबांनी जे सांगितलं ते अगदी तसंच होतं. माझे वडील आरएमएसमध्ये सॉर्टर होते, रेल्वे मेल सर्व्हिस, त्यामुळे घरात हा विषय रोजचा. जरा लांबेल, पण लिहितो.

स्वातंत्र्यानंतर रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री होते, त्यांच्या डोक्यातली ही योजना. तोपर्यंत मुंबईचं साधं पत्र कलकत्त्याला जायचं म्हणजे रेल्वेने, दोन-तीन दिवस धरूनच चालायचे. युद्ध संपल्यावर देशात डाकोटा विमानं स्वस्तात मिळाली होती, त्यातून भराभर विमान कंपन्या निघाल्या, पण ही विमानं दिवसा उडायची अन् रात्री नुसती उभी. मग रात्री त्यांना टपालाच्या कामाला लावलं तर संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला वाटता येईल असा साधा हिशोब होता. १९४९ च्या जानेवारीत सेवा सुरू झाली अन् त्याच वर्षी १ एप्रिलपासून साध्या पत्रांनाही जादा पैसे न घेता विमानाने न्यायचं ठरलं. माझ्या मते खरी मोठी गोष्ट ही. आधी हवाई टपाल म्हणजे व्यापाऱ्यांची, साहेब लोकांची चैन. या निर्णयानंतर गिरणीतल्या माणसाने घरी लिहिलेलं पत्रसुद्धा विमानात बसायला लागलं.

आता नागपूरच का. नकाशा उघडून बघा. मुंबई सरळ रेषेत सातशे किमीच्या आसपास, दिल्ली साडेआठशे, मद्रास नऊशे, कलकत्ता हजाराच्या थोडं आत. डाकोटाचा वेग ताशी अडीचशे ते पावणेतीनशे किमी, म्हणजे चारही ठिकाणांहून अडीच ते चार तासांची वाट. रात्री निघा, मध्यरात्रीनंतर नागपूर, तास-दीड तासात पोती बदला अन् उजाडायच्या सुमारास आपापल्या गावी परत. दुसरा हिशोब त्याहून भारी आहे. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची म्हटलं तर सहा जोड्या होतात, प्रत्येकीला जाऊन-येऊन म्हणजे रात्रीला बारा उड्डाणं, त्यातही मुंबई-कलकत्ता किंवा दिल्ली-मद्रास म्हणजे दीड हजार किमीच्या वरची. मध्ये नागपूर घातलं की चारच विमानं अन् जाऊन-येऊन आठच उड्डाणं पुरतात.

वडील सांगायचे ते चित्र असं. विमानं शेजारी शेजारी उभी राहायची. कॅनव्हासच्या पिशव्या, तोंडाला सुतळी, सुतळीला लाकडी लेबल अन् गाठीवर लाखेचं सील. लेबलावर कुठून कुठे ते लिहिलेलं. मुंबईच्या विमानातून तीन ढीग निघणार, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, अन् उरलेल्या तीन विमानांतून एकेक ढीग मुंबईच्या विमानात चढणार. हातगाड्या आडव्या-उभ्या पळायच्या. कुठली पिशवी कुठे गेली हे दोन जण मोठ्याने वाचून, तिसरा यादीवर खूण करून जमवायचे, कारण मद्रासची पिशवी दिल्लीच्या विमानात चढली की ती पोचायला आख्खी एक रात्र जास्त. एका शहराचं विमान धुक्यात किंवा पावसात अडकलं की बाकीची तिन्ही वाट बघत उभी, अन् सगळ्यांचा जीव खालीवर. थंडीत दिल्लीच्या विमानाची वाट बघणं हा विषय वडिलांच्या बोलण्यात नेहमी यायचा.

१ ऑगस्ट १९५३ ला सगळ्या खाजगी कंपन्या सरकारने घेतल्या, इंडियन एअरलाइन्स झाली, पुढे हे काम त्यांच्याकडे. त्याच वर्षी १२ डिसेंबरला मोठा अपघात झाला, मद्रासकडे निघालेलं रात्रीचं डाकोटा सोनेगावहून उडाल्या उडाल्या पडलं, सगळे प्रवासी गेले, त्यात खासदार अन् कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री होते. हे मुद्दाम लिहितो कारण आपण या सेवेचं कौतुक करताना रात्रीच्या अंधारात त्या काळच्या विमानांनी उडणाऱ्या वैमानिकांनी काय धोका पत्करला ते विसरतो.

पुढे स्कायमास्टर अन् व्हायकाउंट आली. १९७३ ला सेवा बंद. त्याच वर्षी तेलाचे भाव भडकले, अन् तोवर दिवसाची जेट विमानं थेट दिल्ली-मद्रास जायला लागलीच होती, त्यांच्याच पोटात टपाल जाऊ लागलं. मध्ये थांबायचं कारणच उरलं नाही.

सुजाता_इंदोरा

टपालवाला दादा, फार छान लिहिलंत. मी यात एक गोष्ट घालते कारण ती सोनेगावच्या इतिहासात आलीच पाहिजे.

११ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब, माईसाहेब अन् त्यांचे सहायक नानकचंद रत्तू दिल्लीहून विमानाने नागपूरला आले ते याच सोनेगावला. तीन दिवसांनी १४ तारखेला धम्मदीक्षा. अन् दोनच महिन्यांत, ६ डिसेंबरच्या रात्री, बाबासाहेबांचं पार्थिव दिल्लीहून मुंबईला नेणारं विमान मध्ये इथेच थांबलं. बातमी शहरभर पसरली होती. तेव्हा सोनेगाव म्हणजे गावाबाहेर, रात्रीची वेळ, थंडी, गाड्या कोणाकडे, तरी हजारो लोक विमानतळावर पोचले होते अंत्यदर्शनाला. आमच्या वस्तीतले म्हातारे लोक आत्ता आत्तापर्यंत सांगायचे की इंदोऱ्याहून पायी गेलो, लेकरं खांद्यावर घेऊन गेलो.

२००५ ला विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ नाव दिलं, अन् सध्याच्या टर्मिनलचं उद्घाटन १४ एप्रिल २००८ ला, जयंतीच्या दिवशी झालं. बऱ्याच लोकांना वाटते की नाव नुसतं मान म्हणून दिलं. मान तर आहेच, पण या जागेशी नातं आहे. नवीन टर्मिनल बांधून राहिले तर त्या दोन तारखा तिथे ठळक लिहिल्या पाहिजेत, येणाऱ्या जाणाऱ्याला वाचता येतील अशा. दीक्षाभूमीवर दरवर्षी देशातूनच नाही तर जपान, थायलंड, श्रीलंकेतून लोक येतात, त्यांना तरी कळेल की आपण कुठे उतरलो.

संत्रानगरी_८८

बाप रे. सुजाताताई, हे मला अजिबात माहीत नव्हतं. टपालवाला काका, तुम्ही तर सगळं डोळ्यासमोर उभं केलं. एक विचारतो, रात्रीच्या टपालाचा घरच्या घरी काही पुरावा मिळू शकतो का? आमच्याकडे आजोबांच्या ट्रंकेत जुनी पत्रं आहेत, त्यांचा एक भाऊ कलकत्त्याला नोकरीला होता.

टपालवाला

मिळतो की. पत्र उलटं करून बघा. तेव्हा समोर तिकिटावर टाकलेल्या गावचा शिक्का अन् मागे पोचलेल्या गावचा शिक्का मारायचे. कलकत्त्याची तारीख अन् नागपूरची तारीख यात एका दिवसाचा फरक असेल तर पत्र बहुधा रात्रीच्या विमानाने आलं असणार, कारण रेल्वेने सहसा जास्त वेळ लागायचा. १९४९ च्या आधीची पत्रं असतील तर तीही शेजारी ठेवून बघा, फरक लगेच दिसेल. आंतर्देशीय असेल तर शिक्के पुसट असतात, उन्हात तिरकं धरून वाचा. अन् तिकिटं काढून वेगळी करू नका, पाकिटासकटच ठेवा.

रनवे_३२

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी द्यायचा प्रयत्न करतो कारण त्यावर इथे आधी पण वाद झालेत.

लोक म्हणतात नागपूर मध्यभागी आहे म्हणून इथे हब झालंच पाहिजे. मध्यभागी असण्याचा फायदा विमानाला थांबावं लागते तेव्हा. डाकोटाला थांबावं लागायचं. आजचं एअरबस मुंबईहून कलकत्त्याला पोटात तेल घेऊन सरळ जाते, तिला नागपूर लागत नाही, ती आपल्या डोक्यावरून जाते. देशाच्या आकाशाचे चार मोठे भाग आहेत, दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, त्यांच्या सीमा नागपूरजवळच येऊन भिडतात, त्यामुळे वरून जाणाऱ्या विमानांशी बोलणारं नागपूरचं एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, सतत कामात अन् खाली टर्मिनल दुपारी रिकामं, ही आपली कित्येक वर्षांची अवस्था. वर काही अडचण आली की मात्र आपलीच आठवण. ऑगस्ट २०२१ मध्ये मस्कतहून ढाक्याला जाणाऱ्या बिमान बांगलादेशच्या कॅप्टनला हवेतच हार्ट अटॅक आला, विमान नागपूरला उतरवलं, शंभरच्या वर प्रवासी सुखरूप, कॅप्टन दोन-तीन दिवसांनी इथल्या दवाखान्यात वारले. मेडिकल इमर्जन्सीमुळे उतरणारी विमानं तर आपल्याकडे नेहमीचीच. हे काम काही छोटं नाही, पण त्यातून शहराला फ्लाइट मिळत नाहीत.

म्हणून प्रवाशांचं हब हा विषय मी सोडून दिला, मालाचं हब हा मुद्दा मात्र वेगळा आहे. माल सकाळी पोचला म्हणजे झालं, तो मध्ये कुठे थांबला याची त्याला फिकीर नाही. नेमक्या याच तत्त्वावर अमेरिकेत फेडेक्स उभी राहिली. एप्रिल १९७३ मध्ये मेम्फिसहून १४ छोटी दसॉल्ट फाल्कन विमानं, २५ शहरं, रात्री सगळी मेम्फिसला जमायची, पार्सलं बदलायची अन् पहाटे परत. सोनेगावला जे २४ वर्षं चाललं तेच. ज्या वर्षी आपण बंद केलं त्याच वर्षी त्यांनी सुरू केलं, अन् बघा मेम्फिसचं काय झालं, जगातल्या सगळ्यात मोठ्या कार्गो विमानतळांत त्याचं नाव घेतात. मला हे वाचल्यापासून मनातून जात नाही. आपल्याकडे जागा होती, सवय होती, माणसं होती.

वर्धा_रोडवाला

रनवे भाऊ, बरोबर बोलले, पण मिहान त्याच्यासाठीच तर काढलं होतं ना. मिहानचं पूर्ण नावच मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट अॅट नागपूर. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी काढली, चार हजार हेक्टरच्या वर जागा, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही, चिंचभुवन, शिवणगाव, एवढ्या गावांची जमीन. २००९ ला विमानतळ प्राधिकरणाकडून विमानतळ मिहान इंडिया कंपनीकडे आला, ५१ टक्के राज्याच्या कंपनीचे अन् ४९ टक्के प्राधिकरणाचे.

अन् झालं काय? टीसीएस आली, इन्फोसिस आली, एचसीएल आली, एम्स झालं, आयआयएम झालं. चांगलंच आहे, आमचे पोट्टे पुण्याला जायचे ते इथं थांबले, याले मी कमी समजत नाही. पण जे नावात आहे ते कार्गो हब कुठं आहे? आयटीच्या कंपनीले धावपट्टी कायले लागते? ज्यायनं वडिलोपार्जित काळी जमीन देली ते धावपट्टी होणार म्हणून देली. शिवणगावच्या पुनर्वसनाचा विषय किती वर्षं रेंगाळला ते सगळ्या नागपूरले माहीत आहे. दुसरी धावपट्टी कागदावरून खाली उतरायले एवढी वर्षं लागत असतील तर माणसानं काय समजाव?

एमआरओ_मधला

वर्धा रोडवाले दादा, तुमचा राग समजतो पण काहीच झालं नाही असं म्हणू नका, मी त्याच फील्डमध्ये आहे म्हणून सांगतो. एअर इंडियाने बोईंगला मोठी ऑर्डर दिली होती, त्या सौद्यातून बोईंगने इथे विमान दुरुस्तीचं केंद्र बांधून दिलं, २०१५ ला सुरू झालं. ७७७ अन् ७८७ सारखी मोठी विमानं आख्खी हँगरमध्ये उभी राहतात. मोठं चेक असलं की विमानाच्या सीट, गॅली, छताचे पॅनल सगळं बाहेर काढतात, आत नुसता सांगाडा अन् वायरी, जमिनीच्या फळ्या उचलून खालचे बीम तपासतात, गंज दिसला की घासून, मोजून, प्रायमर मारून परत बसवतात, प्रत्येक स्क्रूची नोंद. अन् गंमत म्हणजे त्या ७८७ च्या फ्लोअर बीमपैकी बरेच इथेच मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात बनतात. रनवे भाऊंनी दसॉल्ट फाल्कनचा विषय काढला, त्याच फाल्कन घराण्यातल्या विमानांचे भागही आता मिहानमध्ये बनतात. कार्गोचं हब झालं नाही हे मान्य, पण विमान बनवणं अन् दुरुस्त करणं हे जे उभं राहिलं ते भारतात फार ठिकाणी नाही. आयटीआय केलेल्या, डिप्लोमा केलेल्या विदर्भातल्या पोरांना यात हातात खरं कसब मिळते.

धंतोलीकर

उशीर का झाला यात कोर्टाचाही मोठा वाटा आहे हो. २०१९ मध्ये जीएमआर या खाजगी कंपनीला विमानतळ चालवायला देण्याचं पत्र निघालं, मार्च २०२० मध्ये सरकारने तेच रद्द केलं, जीएमआर नागपूर खंडपीठात गेली, ऑगस्ट २०२१ मध्ये तिथे जिंकली, मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टातही जिंकली, मग पुनर्विचार, क्युरेटिव्ह याचिका, ते सगळं सप्टेंबर २०२४ ला संपलं. ८ ऑक्टोबर २०२४ ला करार, दुसऱ्याच दिवशी भूमिपूजन, सात हजार कोटींच्या आसपासचं काम. म्हणजे पाच वर्षं नुसती कागदात. तोवर टर्मिनल २००८ चंच.

संत्रानगरी_८८

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढी माहिती एका जागी मला कुठेच मिळाली नसती. मग आता शेवटचं विचारतो. रनवे भाऊ, तुम्ही म्हणता कार्गो हब अजून होऊ शकते. २०२५ नंतर? समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, नागपूरहून मुंबईकडे ट्रक एका दिवसात पोचतो. मग विमानाने नागपूरला माल कोण आणेल?

रनवे_३२

समृद्धीमुळे अवघड नाही, उलट सोपं झालं असं मला वाटते. रस्ता मिहानच्या बाजूलाच शिवमडक्याहून सुरू होतो. मेम्फिसला पण नुसती विमानं नाहीत, आजूबाजूच्या राज्यांतून रात्री ट्रक येतात अन् पहाटे ट्रक जातात. आज ऑनलाइन खरेदीची पार्सलं रात्रीची विमानाने फिरतातच, देशात कार्गो विमानं आहेत, फक्त ती मुंबई, दिल्ली, बंगलोरला जमतात, जिथे रात्रीचा स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची वेळ, अन् पार्किंगला जागा मिळणं अवघड. नागपूरला रात्र मोकळी आहे, जागा मोकळी आहे, दिवसाची वर्दळही फार नाही. रायपूर, जबलपूर, चंद्रपूर, अमरावती, आदिलाबाद एवढा टापू रात्रीतून ट्रकने गाठता येतो.

पण त्यासाठी तीन गोष्टी लागतात. एक, दुसरी धावपट्टी, कारण आज एका धावपट्टीवर काम निघालं की दिवसाच्या फ्लाइटच रद्द होतात किंवा सरकतात, मग रात्रीचा धंदा कोण बसवेल. दोन, शीतगृहासकट कार्गो टर्मिनल, नाहीतर संत्री, औषधं, फुलं ठेवायची कुठे. तीन, विमानाच्या तेलावरचा राज्याचा कर रात्रीच्या कार्गो विमानांसाठी तरी कमी ठेवणं, कारण विमान कंपनी तेल कुठे स्वस्त ते बघूनच रात्री कुठे उभं राहायचं ठरवते. यातली पहिली जीएमआरच्या हातात, दुसरी जीएमआर अन् सरकार दोघांच्या, तिसरी पूर्ण सरकारच्या. आपले आमदार-खासदार उद्घाटनाला येतात तेव्हा नवीन टर्मिनलला काच किती लावली याच्यापेक्षा या तिसऱ्या गोष्टीबद्दल विचारा, पत्र लिहा, प्रश्न लावून धरा.

टपालवाला

तिसऱ्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. १९४९ ला सुद्धा विमानं आधीपासून होती, धावपट्टी होती, नागपूर मध्यभागी होतंच. जादा पैसे न घेता सगळं टपाल विमानाने न्यायचं हे सरकारने ठरवलं तेव्हा विमानांना रोजचा भरवशाचा माल मिळाला अन् म्हणून ती सेवा २४ वर्षं टिकली. आज पार्सलचा माल आहे, तो इकडे वळवायचा निर्णय हवा. संत्रानगरी, ट्रंकेतल्या पत्रांचे शिक्के वाचले की तारखा इथे टाका, मी ताडून सांगतो.